शेपटीकडचा एक ग्रॅम: आरसी विमानाची जोडणी आणि तोल

नवं आरसी, म्हणजे रेडिओने उडवायचं, विमान पहिल्याच उड्डाणात पडलं की बोल लावला जातो वाऱ्याला, नाहीतर रेडिओला, म्हणजे हातातल्या रिमोटला. अवशेष टेबलावर मांडले की मात्र तीच ती कारणं पुढे येतात. सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, मागे गेलेला असतो, एखादा कंट्रोल उलटा जोडलेला असतो किंवा आडवी शेपटी पंखाला समांतर नसते. यातलं एकही कारण हवेत जन्माला येत नाही. सगळी जोडणी करतानाच विमानात शिरतात आणि तिथेच ती पकडताही येतात.

पुढची मापं चार चॅनलच्या (रेडिओवरून चार गोष्टी हलवता येणाऱ्या), वर पंख असलेल्या फोमच्या ट्रेनरसाठी, म्हणजे शिकाऊ विमानासाठी, धरली आहेत. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत साधारण १३०० मिमी, उडताना वजन १ किलोच्या आसपास, ३ सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी. बाल्साचं, म्हणजे हलक्या लाकडाचं, विमान असेल तर गोंद आणि बिजागऱ्या बदलतात, तोलाचा हिशेब तोच राहतो.

गोंद उघडण्याआधी

सगळे भाग एकदा कोरडेच जोडून बघा. पंख बसतो का, स्पारची, म्हणजे पंखाला आतून आधार देणारी, कार्बन नळी दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत जाते का, शेपटी खाचेत हलते का. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पंखाचे दोन्ही अर्धे वेगवेगळे तोला. तीन-चार ग्रॅमचा फरक नेहमीचाच असतो. कोणता अर्धा जड आहे ते लिहून ठेवा, शेवटी कामाला येईल.

इलेक्ट्रॉनिक्स धडात घालण्याआधी टेबलावरच जोडा: रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट), मोटर, चारही सर्व्हो (कंट्रोलचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी). प्रॉपेलर लावायचा नाही, अगदी शेवटपर्यंत नाही. रिसीव्हर रेडिओशी बाइंड करा, म्हणजे दोघांची जोडी जुळवा, आणि प्रत्येक सर्व्हो दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. कुरकुरणारा किंवा मध्येच अडकणारा सर्व्हो आत्ता सापडला तर दोन स्क्रूचं काम असतं. पंखात चिकटवल्यावर सापडला तर फोम कापावा लागतो.

गोंद फोम बघून निवडायचा. मणी सुटे दिसतात आणि दाबलं की कुरकुरतो तो थर्माकोल. त्यावर साधा सीए, म्हणजे सुपरग्लू, टाकला की खड्डा पडतो. त्याला फोम-सेफ सीए किंवा इपॉक्सी लागतो. तयार किटमध्ये बहुतेक ईपीओ असतो, रबरासारखा, बोटाने दाबला तर परत वर येणारा. त्याला साधा सीएही चालतो. पंखाच्या जोडाला ५ मिनिटांचा इपॉक्सी घेऊ नका. तीन-चार मिनिटांतच तो ओढायला लागतो आणि सरळपणा तपासायला वेळच उरत नाही. ३० मिनिटांचा घ्या.

आणि गोंद किती? इथे एक हिशेब डोक्यात पक्का बसू द्या. या आकाराच्या विमानात सीजीपासून शेपटी साधारण ६०० मिमी मागे असते आणि नाकात शिसं बसवायची जागा साधारण २०० मिमी पुढे. म्हणजे शेपटीकडचा एक ग्रॅम नाकाकडे तीन ग्रॅम मागतो. शेपटीच्या जोडात ‘असू दे, पक्कं होईल’ म्हणून ८ ग्रॅम इपॉक्सी जास्त ओतला, तर तो तोलण्यासाठी नाकात २४ ग्रॅम शिसं जाणार आणि विमान ३२ ग्रॅमनी जड होणार. जोडाला लागतो तो पातळ थर. दाबल्यावर कडेने बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्याने लगेच पुसून घ्या.

पंख

दोन्ही अर्धे जोडून गोंद सुकल्यावर पंख सपाट टेबलावर ठेवा आणि दोन मीटर मागे जाऊन एक डोळा मिटून बघा. मागची कड पुढच्या कडेच्या मानाने कुठे वर-खाली वळलेली दिसते का? दोन्ही टोकांना मागची कड सारखीच थोडी वर असेल तर बिघडत नाही, उलट हळू उडताना विमान शांत राहतं. पीळ एकाच बाजूला असेल तर मात्र तो काढायलाच हवा. फोमवर हेअर ड्रायर फिरवा, पीळ आहे त्याच्या उलट दिशेला थोडा जास्त वळवा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. बाल्साच्या पंखावर हेच काम कव्हरिंग फिल्म इस्त्रीने परत ताणून होतं.

एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीच्या) सर्व्होची वायर पंखातून धडाकडे ओढायची असते तिथे आधी दोरा ओवून घ्या. वायर नुसती ढकलत बसलात तर कनेक्टर हमखास अडकतो.

पंख रबरबँडने बसत असेल तर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरळ जाणाऱ्या जोड्या आधी घाला आणि शेवटची जोडी फुलीसारखी, म्हणजे बाकीच्या सुटत नाहीत. या आकाराला आठ ते दहा बँड लागतात. भेगा पडलेला बँड फेकून द्या. बोल्टने बसणाऱ्या पंखाला नायलॉनचेच बोल्ट हवेत. पंख जमिनीवर आपटला की ते तुटतात आणि पंख वाचतो. त्यांच्या जागी पोलादी बोल्ट घालणं म्हणजे दहा पैशाच्या गोष्टीसाठी रुपया मोडणं.

शेपटी सरळ बसवणं

इथे घाई केली की ट्रिम (कंट्रोलचा मध्य किंचित सरकवणारी रेडिओवरची सोय) कितीही फिरवा, विमान एका बाजूला ओढतच राहतं. आधी पंख धडावर बसवा. नाकाच्या मध्यबिंदूपासून पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा ताणून मोजा. अंतर सारखं भरलं म्हणजे पंख काटकोनात आहे. त्यानंतर पंखाच्या टोकाच्या मागच्या कोपऱ्यापासून आडव्या शेपटीच्या टोकापर्यंत मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. २-३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर खाच घासून दुरुस्त करा. शेवटी विमानाच्या मागे तीन-चार मीटरवर बसा आणि डोळा धडाच्या उंचीला आणून आडवी शेपटी पंखाला समांतर दिसते का ते पाहा. ट्रेनरच्या पंखाला दोन्ही बाजूंनी वर उचल असते, म्हणून मधल्या भागाशी नाही, दोन्ही टोकांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेशी ताडून बघा. उभी शेपटी आडवीवर गुण्याने ९० अंशात.

फोमच्या बिजागऱ्या नव्या असताना कडक असतात. एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता भाग), रडर (उभ्या शेपटीचा) आणि एलेरॉन हाताने दोन्ही बाजूंना वीस-तीस वेळा वाकवा. कडक बिजागरीशी झगडणारा सर्व्हो सतत गुणगुणतो, तापतो आणि मध्यावर परत येत नाही. मग ट्रिम दर वेळी वेगळीच लागते आणि दोष रेडिओवर जातो.

सर्व्हो, सळ्या, हॉर्न

रेडिओ चालू करा, सगळ्या ट्रिम आणि सब-ट्रिम (रेडिओच्या मेनूतली बारीक ट्रिम) शून्यावर आणा, मग विमानाला बॅटरी जोडा. सर्व्हो आता मध्यावर आहे. अशा स्थितीतच आर्म (सर्व्होवरची छोटी दांडी) सळीला (आर्मपासून कंट्रोलपर्यंत जाणाऱ्या तारेला) काटकोनात बसवा. सर्व्होच्या शाफ्टवरचे दाते मोजकेच असल्याने आर्म नेमका ९० अंशात बसेलच असं नाही. आर्म काढून अर्ध्या फेऱ्याने उलटा बसवून बघा, कधी कधी तो जास्त जवळ येतो. उरलेला किंचित फरक सब-ट्रिमने काढा. स्क्रू लावायला विसरू नका, कारण आर्म हाताला घट्ट वाटला तरी हवेत निसटतो.

हॉर्नची, म्हणजे हलत्या भागावरच्या सळी जोडायच्या तुकड्याची, भोकं बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर आली पाहिजेत. हॉर्न मागे सरकला तर एलिव्हेटर वर आणि खाली वेगवेगळा जातो आणि मग तो फरक रेडिओत मिक्सिंग करून झाकत बसावं लागतं. सळी सर्व्होच्या आर्मवर आतल्या भोकात आणि हॉर्नवर बाहेरच्या भोकात घाला. हालचाल कमी होते, पण जोर वाढतो आणि ढिलेपणा कमी होतो. नवख्या हाताला हेच हवं. क्लेव्हिसवर, म्हणजे सळीच्या टोकाच्या चिमट्यावर, सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवा म्हणजे तो उघडत नाही.

लांब आणि बारीक सळी ढकलताना वाकते. एलिव्हेटर बोटाने अडवून स्टिक ओढा. सळी धडाशेजारी कमान धरत असेल तर वेगात एलिव्हेटर तुमचं ऐकणार नाही. मध्ये एक प्लास्टिकची नळी चिकटवून सळीला आधार द्या.

हालचाल नेहमी त्या भागाच्या सर्वांत रुंद ठिकाणी, मागच्या कडेला मोजा. सुरुवातीला एलेरॉन वर १२ आणि खाली ८ मिमी, एलिव्हेटर दोन्हीकडे १० ते १२, रडर २० ते २५. एलेरॉन खाली कमी ठेवण्याचं कारण असं की खाली गेलेल्या एलेरॉनचा हवेला अडथळा जास्त होतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जातं. एक्स्पो, म्हणजे मध्याजवळ स्टिक मऊ करण्याची रेडिओतली सोय, ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. पण काही रेडिओंत स्टिक मऊ करायला अधिकचा आकडा लागतो, काहींत उण्याचा. पडद्यावरचा आलेख मध्याजवळ सपाट झालेला दिसतो का ते बघून घ्या.

मोटर आणि प्रॉपेलर

मोटर थोडी उजवीकडे आणि थोडी खाली बघते आहे असं दिसलं तर ती सरळ करू नका. २-३ अंशांचा तो कल मुद्दाम दिलेला असतो. मोटरच्या ओढीने विमान डावीकडे वळतं आणि थ्रॉटल, म्हणजे मोटरची गती, वाढवला की नाक वर येतं, ते दोन्ही या कलाने सावरलं जातं. माउंटचे स्क्रू किती आत जातात ते मात्र तपासा. जास्त लांब स्क्रू मोटरच्या वाइंडिंगला टेकतो आणि मोटर, कधी कधी सोबत ईएससीही, जाळतो. धातूत धातूच्या स्क्रूला थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब द्या. प्लास्टिकला तो लावू नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

मोटर उलटी फिरली तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. बॅटरीच्या वायरी नाही! तिथे उलटापालट झाली की ईएससीचा धूर निघतो.

ईएससीला थ्रॉटलची दोन्ही टोकं शिकवायची असतात. रेडिओवर थ्रॉटल पूर्ण वर ठेवा, बॅटरी जोडा, बीप झाल्यावर थ्रॉटल पूर्ण खाली आणा. मग फेलसेफ लावा, म्हणजे सिग्नल गेला की थ्रॉटल शून्य. तपासण्यासाठी प्रॉप काढलेला असताना मोटर हळू फिरवा आणि रेडिओ बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे.

प्रॉपेलरवर १०×५ लिहिलेलं असेल तर व्यास १० इंच आणि पिच, म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप हिशेबाने पुढे जाईल ते अंतर, ५ इंच. आकडे लिहिलेली बाजू विमानाच्या पुढच्या दिशेला. उलटा बसवला तरी प्रॉप ओढतो, पण अर्धवट, आणि विमान जमीन सोडायला तयार होत नाही. बसवण्याआधी त्याचा तोल बघा. चुंबकी बॅलन्सरवर ठेवल्यावर दर वेळी एकच पातं खाली येत असेल तर त्या पात्याची मागची बाजू बारीक सँडपेपरने घासा किंवा हलक्या पात्याच्या मागे सेलोटेपचा तुकडा लावा. पुढची कड घासू नका. तोल नसलेल्या प्रॉपच्या थरथरीने स्क्रू सैल होतात आणि सर्व्हो खिळखिळे होतात.

वॉटमीटर असेल तर विमान पक्कं धरून पूर्ण थ्रॉटलला करंट मोजा. ३० अँपियरच्या ईएससीवर २४-२५ च्या वर जाऊ नये. जात असेल तर एक इंच लहान प्रॉप लावा. ट्रेनरला किलोमागे २०० वॅट पुरतात.

रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात ठेवा, बॅटरी आणि कार्बनच्या नळीपासून दूर.

तोल

सीजी कुठे हवा हे किटच्या माहितीपत्रकात असतं, तिथून सुरुवात करा. नसेल तर पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांत, पुढच्या कडेपासून. सरळ पंखाची रुंदी २०० मिमी असेल तर ५० ते ६६ मिमी. पहिल्या उड्डाणाला ५५ घ्या, म्हणजे थोडा पुढेच.

टोकाकडे निमुळत्या पंखाला सरासरी रुंदी काढावी लागते. धडाजवळची रुंदी २४० आणि टोकाची १६० समजा. बेरीज ४००, गुणाकार ३८४००. गुणाकाराला बेरजेने भागा, ९६ आले. ते बेरजेतून वजा करा, ३०४. त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे जवळजवळ २०३ मिमी. पुढची कड मागे झुकलेली असेल तर ही रुंदी पंखावर नेमकी कुठे येते हेही शोधायला हवं. अर्धा पंख कागदावर काढा. धडाजवळच्या रेषेला मागच्या बाजूने टोकाची रुंदी जोडा, टोकाच्या रेषेला पुढच्या बाजूने धडाजवळची रुंदी जोडा, आणि दोन्ही शेवट सरळ रेषेने जोडा. रुंदीच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेला ती जिथे कापते, तिथली रुंदी घ्यायची.

सीजी पुढे असला की वाऱ्याच्या झोताने नाक वर गेलं तरी ते आपोआप खाली येतं. जसजसा सीजी मागे सरकतो तसतशी ही सवय कमी होते, आणि एका मर्यादेपलीकडे नाक वर गेलं की ते आणखी वरच जातं. तिथे तुमची बोटं कितीही चपळ असली तरी कमी पडतात. नाक थोडं जड असेल तर विमान फक्त आळशी वाटतं: एलिव्हेटर जास्त ओढावा लागतो आणि उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो.

तोलताना विमान उडणार तसंच हवं: बॅटरी, प्रॉप, चाकं, झाकण, सगळं जागेवर. इंजिनाच्या विमानात टाकी रिकामी. खुणा पंखाच्या खालच्या बाजूला, धडाच्या दोन्हीकडे सारख्या अंतरावर करा. इथे मोजण्यात एक चूक सर्रास होते. मोजपट्टी पंखाच्या गोलाईवरून वळवली की ५५ मिमी हे प्रत्यक्षात ५५ राहत नाही, खूण काही मिमी पुढे पडते. पुढच्या कडेला गुण्या उभा टेकवा आणि तिथून स्टीलची पट्टी सरळ आडवी धरून मोजा. खुणेवर टेपची अरुंद पट्टी चिकटवा म्हणजे तिची कड बोटाला अंधारातही लागेल.

बोटांवर तोलता येतं, पण बोटाचं टोकच दहा मिमी रुंद असतं. फळीवर मागे रबर असलेल्या दोन पेन्सिली सारख्या उंचीच्या उभ्या करा, मध्ये धडाच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त अंतर, आणि खुणा त्या रबरांवर टेकवा. वर पंख असलेलं विमान सुलटं तोला, खाली पंख असलेलं उलटं. तसं नाही केलं तर वजन टेकूच्या वर येतं आणि विमान कुठल्याही बाजूला कलंडतं. विमान समतल राहिलं किंवा नाक किंचित खाली गेलं की झालं.

शेपटी खाली गेली तर लगेच शिसं शोधू नका. टेकू मागे सरकवून सीजी खरंच कुठे आहे ते आधी शोधा. समजा तो १० मिमी मागे निघाला आणि विमान १००० ग्रॅमचं आहे. १००० गुणिले १०, म्हणजे १०,०००. १८० ग्रॅमची बॅटरी ५५ मिमी पुढे सरकवली की हिशेब पूर्ण. जागाच नसेल तर नाकात २०० मिमीवर ५० ग्रॅम शिसं लागेल. म्हणून क्रम असा: आधी बॅटरी, मग रिसीव्हर आणि ईएससी, आणि शिसं सगळ्यात शेवटी. शिसं लावलंच तर इपॉक्सीने किंवा स्क्रूने पक्कं बसवा, नुसत्या टेपवर भरवसा नको. नाक जड निघालं तर बॅटरी मागे घ्या, शेपटीत वजन घालू नका.

बॅटरीला खाली वेल्क्रो आणि वरून पट्टा, दोन्ही हवेत. सरळ वर चढताना बॅटरी दोन बोटं मागे सरकली तर वरचाच हिशेब उलटा चालतो, आणि तोही हवेत. तिच्या पुढच्या कडेची रेघ पेनने धडात काढा. वेगळ्या वजनाची बॅटरी घेतली की रेघ नवी.

आता आडवा तोल. एका हाताने प्रॉपचा शाफ्ट आणि दुसऱ्याने शेपटीचा शेवट नुसता टेकवून उचला. तीन-चार वेळा उचलल्यावर दर वेळी एकच पंख खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकात छोटा खिळा खुपसा. टोक मध्यापासून लांब असल्याने ३-५ ग्रॅम पुरतात. हा दोष वेगात एलेरॉनच्या ट्रिममागे लपतो आणि उतरताना वेग कमी झाला की एक पंख अचानक खाली टाकतो.

मैदानावर

विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. स्टिक स्वतःकडे, एलिव्हेटर वर. रडर स्टिकच्या बाजूला. हे मोठ्याने म्हणत तपासा. एलेरॉन हलताना दिसला एवढ्यावरच माणूस समाधान मानतो आणि दिशा बघायची राहून जाते. मग रेडिओ रेंज चेकच्या मोडवर टाकून तीस पावलं चालत जा. सर्व्हो एकदाही थरथरता कामा नये.

हाताने तरंगत सोडून बघण्याचा उपाय हलक्या फोमच्या विमानाला ठीक आहे: वाऱ्याकडे तोंड करून, उंच गवतावर, समतल फेकून. किलोभर वजनाच्या पुढे त्यातून कळतं कमी आणि मोडतं जास्त.

पहिल्या उड्डाणात उंची घ्या, अर्ध्या थ्रॉटलला विमान स्टिक न धरता सरळ जाईल अशी ट्रिम करा. मग थ्रॉटल कमी करून नाक ३०-४५ अंश खाली घ्या आणि स्टिक सोडा. विमान हळूहळू स्वतःहून वर आलं तर सीजी जागेवर आहे. झटक्यात वर उसळलं तर नाक जड, बॅटरी ५ मिमी मागे. उतार आणखी तीव्र व्हायला लागला तर शेपटी जड: लगेच सावरा, उतरवा आणि बॅटरी पुढे घ्या. थ्रॉटल वाढवल्यावरच नाक वर येत असेल तर सीजीला हात लावू नका. तिथे मोटरचा खालचा कल कमी पडतोय, वरच्या दोन स्क्रूंखाली मागून एक-एक वॉशर घाला.

उतरल्यावर रेडिओ बंद करण्याआधी एलिव्हेटर आणि एलेरॉन किती वर-खाली राहिले आहेत ते पट्टीने मोजा. ट्रिम शून्यावर आणा, क्लेव्हिस फिरवून ते भाग मोजलेल्या जागी परत आणा, सिलिकॉनचा तुकडा पुन्हा चढवा. बॅटरी सरकवली असेल तर जुनी रेघ खोडून नवी काढा.